डब्याचं दूध आणि जड धातू: आधी पाणी तपासा, मग डबा

बाळाला डब्याचं दूध (फॉर्म्युला) देत असाल आणि त्यात शिसं, आर्सेनिक सापडल्याची बातमी नुकतीच वाचली असेल, तर सगळ्यात आधी पुढचं दूध वेळेवर आणि रोजच्यासारखंच द्या. डबा फेकू नका. पावडर कमी घालून दूध पातळ करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला घाबरून गाई-म्हशीच्या दुधावर आणू नका, आणि इंटरनेटवरच्या पाककृती वाचून घरी फॉर्म्युला तर अजिबात बनवू नका. अर्धपोटी राहिलेलं बाळ काही दिवसांतच खंगायला लागतं. डब्यात सापडतात त्या अंशांचा त्रास मात्र अनेक महिने साठत जाऊन होतो. म्हणजे शांतपणे विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे, आणि हा लेख त्या वेळेसाठी आहे.

आईच्या दुधाला तोड नाही, हे मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही. जुळी असतात, मूल दत्तक घेतलेलं असतं, आईचं औषध चालू असतं, दूध खरोखरच पुरत नाही. फॉर्म्युला देणाऱ्या आईला आधीच पुरेसं ऐकावं लागतं. एक माहिती मात्र असू द्या. आईच्या अंगात शिसं असेल तर तेही थोडंफार दुधात उतरतं, तरीही अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला असा की आईच्या रक्तातलं शिसं डेसिलिटरला 40 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर स्तनपान थांबवू नये. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. पण पेढीचं दूध प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांसाठी असतं. घरच्या रोजच्या गरजेला ते पुरणारं नाही.

बातमी नेमकी कशाची आहे ते आधी बघा

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने गाजलेला अहवाल दिला, तो बाळांच्या तयार खाण्याबद्दल होता: प्युरी, तांदळाचं सिरीयल, बिस्किटं. दुधाच्या पावडरीबद्दल तो नव्हता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने शिशाच्या पातळ्या ठरवल्या (बहुतेक प्युरींसाठी 10 पीपीबी, म्हणजे किलोला 10 मायक्रोग्रॅम, कोरड्या सिरीयलसाठी 20 पीपीबी), त्यातही फॉर्म्युला येत नाही. कॅलिफोर्नियाचा दर महिन्याला तपासणीची सक्ती करणारा कायदाही फॉर्म्युल्याला लागू नाही. सगळ्यात लहान बाळ जे एकच अन्न घेतं, तेच या नियमांतून सुटलेलं होतं, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे.

फॉर्म्युल्याकडे लक्ष गेलं ते मार्च 2025 मध्ये. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने अमेरिकेतले 41 पावडर फॉर्म्युले तपासले. बरेचसे चांगल्या श्रेणीत आले. काहींत आर्सेनिक किंवा शिसं काळजी वाटावी इतकं होतं. त्याच सुमारास एफडीएने 'ऑपरेशन स्टॉर्क स्पीड' नावाने फॉर्म्युल्याची तपासणी वाढवत असल्याचं जाहीर केलं. युरोपात मात्र मर्यादा आधीपासून आहेत: पावडरीत शिसं 20 पीपीबीपर्यंत, द्रवरूप तयार दुधात 10. आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सचीही तयार दुधासाठी मर्यादा 10 पीपीबी आहे.

धातू येतात कुठून

जनावराच्या दुधात शिसं किंवा आर्सेनिक सहसा फार कमी असतं. ते येतं पुढच्या प्रक्रियेत. सोयाबीन आणि तांदूळ जमिनीतून धातू ओढून घेतात, म्हणून सोया प्रथिनं, तांदळाचा स्टार्च किंवा ब्राऊन राईस सिरप घातलेल्या पावडरींकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या संशोधकांना सेंद्रिय ब्राऊन राईस सिरप वापरलेल्या, थोड्या मोठ्या मुलांसाठीच्या एका फॉर्म्युल्यात पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या सहापट आर्सेनिक आढळलं होतं. डब्यावर 'सेंद्रिय' लिहिलं म्हणून धातू नाहीत असं होत नाही. आर्सेनिक हे फवारलेलं औषध नव्हे, ते मातीतूनच आलेलं असतं.

दुसरी वाट खनिज क्षारांची. कॅल्शियम, फॉस्फेट, झिंक हे बाळाला हवेत म्हणून कारखान्यात घालतात, आणि ते अशुद्ध असले की काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जपानचं आहे. 1955 च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानमध्ये बाळं आजारी पडू लागली. ताप, जुलाब, फुगलेलं पोट, काळवंडलेली त्वचा. ऑगस्टमध्ये ओकायामात कारण सापडलं: मोरिनागा कंपनीच्या तोकुशिमा कारखान्यातल्या दूध पावडरीत आर्सेनिक होतं. दूध नीट विरघळावं म्हणून त्यात डायसोडियम फॉस्फेट घालत, आणि ते खाद्य प्रतीचं नसून औद्योगिक होतं, अॅल्युमिनियम शुद्धीकरणातून निघालेलं. 12,000 हून अधिक बाळांना विषबाधा झाली, वर्षभरात सुमारे 130 दगावली. पुढे वाचलेली मुलं बरी झाली असं सांगून प्रकरण मिटवण्यात आलं. 1969 मध्ये ओसाका विद्यापीठाचे प्राध्यापक मारुयामा हिरोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा वर्षांनंतर त्या मुलांच्या घरोघरी जाऊन पाहिलं, तेव्हा त्रास संपलेलाच नव्हता. पालकांच्या लढ्यातून 1974 मध्ये पीडितांसाठी हिकारी क्योकाई ही संस्था उभी राहिली.

आजच्या बातम्यांतले आकडे त्या प्रकाराच्या जवळपासही नाहीत. पण 'दूध शुद्ध होतं ना?' एवढंच विचारून भागत नाही, आत घातलेली प्रत्येक पूड तपासावी लागते, हे तिथे बाळांचा जीव जाऊन कळलं.

पायरी 1: आकडा वाचायला शिका

पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. अहवालातला आकडा कोरड्या पावडरीचा आहे की कालवलेल्या दुधाचा, हा पहिला प्रश्न विचारा. बहुतेक घबराट इथेच होते. साधारण 100 मिलीलिटर दुधात 13 ग्रॅम पावडर जाते, म्हणजे पावडरीतला 20 हा आकडा तयार दुधात अडीचच्या आसपास येतो.

आता पाच किलोचं बाळ धरू. ते दिवसाला अंदाजे 750 मिलीलिटर दूध पितं. त्यासाठी सुमारे 100 ग्रॅम पावडर लागते. पावडरीत 20 पीपीबी शिसं असेल तर पोटात गेलं 2 मायक्रोग्रॅम. अन्नातून मुलांच्या पोटात जाणाऱ्या शिशासाठी एफडीए जो दिवसाचा आकडा धरते, तो 2.2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे युरोपच्या मर्यादेवर असलेली पावडर त्या आकड्याला जवळजवळ टेकते. शिशाची 'निर्धोक' अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही, म्हणून जितकं कमी तितकं बरं.

याच हिशेबात पाणी घाला. 750 मिलीलिटर दुधात सुमारे 675 मिलीलिटर पाणी आहे. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 10 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं. पाणी त्या काठावर असेल तर बाळाच्या पोटात दिवसाला जवळजवळ 7 मायक्रोग्रॅम गेलं. नियमात बसणारं पाणी, आणि तरी पावडरीच्या तिपटीहून जास्त! आपण मात्र डबा बदलण्यासाठी तीन दुकानं पालथी घालतो आणि पाण्याचा विचारही करत नाही.

पायरी 2: पाणी

घरात सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे उकळलं की पाणी शुद्ध. उकळल्याने जंतू मरतात. शिसं, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काहीही जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. म्हणून पाणी एकदाच, खळखळून उकळी येईपर्यंत तापवा. उरलेलं पुन्हा पुन्हा उकळू नका.

पालिकेच्या नळाचं पाणी असेल तर शुद्धीकरण केंद्रातून निघताना त्यात शिसं सहसा नगण्य असतं. ते मिसळतं आपल्याच इमारतीत: जुने पाइप, पितळी तोट्या, सांधे जोडायला दिलेला डाग (सोल्डर). पीव्हीसी पाइपमध्येही शिशाचं स्टॅबिलायझर वापरत आले आहेत, त्यासंबंधी केंद्राने 2021 मध्ये नियम केले. रात्रभर पाइपात साचलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा येतं, ते बाळासाठी घेऊ नका. थोडं वाहू द्या, ते पाणी भांडी घासायला किंवा झाडांना घाला, मग भरा. गिझरचं पाणी दुधासाठी कधीच नको. गरम पाणी पाइपातलं शिसं जास्त विरघळवतं.

बोअरवेल किंवा विहीर असेल तर अंदाजावर राहू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेट जास्त आहे, चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत फ्लोराइड. हे धातू नव्हेत, पण लिटरला 45 मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्हं बाळ निळं पडू शकतं, आणि तो धोका शिशापेक्षा कितीतरी तातडीचा आहे. बिहार, बंगालमध्ये गंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांनी आर्सेनिक तपासलंच पाहिजे.

तपासणी कुठे करायची? जलजीवन मिशनखालच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा सामान्य माणसालाही अल्प शुल्कात नमुना तपासून देतात. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौकशी करा. पण शिसं आणि आर्सेनिक प्रत्येक ठिकाणी तपासत नाहीत. नमुना देण्याआधीच विचारून घ्या. खासगी प्रयोगशाळेत जाणार असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) आहे का आणि तपासणी धातूंचे अगदी बारीक अंश मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर होते का, हे दोन प्रश्न पुरेत.

टीडीएस मीटर घेऊन घरी येणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. तो मीटर पाण्यातले एकूण क्षार दाखवतो. टीडीएस 100 असलेल्या पाण्यात शिसं असू शकतं आणि 500 असलेल्यात नसूही शकतं. चालू स्थितीतला आरओ शिसं, कॅडमियम, नायट्रेट, फ्लोराइड आणि बऱ्याच प्रमाणात आर्सेनिक काढतो. नुसता यूव्ही फिल्टर यांतलं काहीच काढत नाही. आरओची मेंब्रेन वेळेवर बदलली आहे की नाही, ते तेवढं बघा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक वेगळा शब्द. तिथे 1986 मध्ये शिशाच्या नव्या पाइपांवर बंदी आली, पण जुने जमिनीतच राहिले. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि त्या पाण्याने पाइप खरवडले गेले. मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचं 2015 मध्ये डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी आकड्यांनिशी दाखवलं. नळाच्या पाण्यात फॉर्म्युला कालवणाऱ्या घरांना सगळ्यात जास्त धोका होता. जुन्या घरात भाड्याने राहत असाल तर नळजोडाचा पाइप कशाचा आहे ते पाणी कंपनीला विचारा आणि शिशासाठी एनएसएफ 53 या मानकाने प्रमाणित फिल्टर बसवा.

पायरी 3: डबा

गाईच्या दुधाचा साधा फॉर्म्युला घ्या. सोयाचा फॉर्म्युला डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिला असेल तरच, उदाहरणार्थ गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातली साखर न पचवता येणारा जन्मजात आजार. उलटी थांबावी म्हणून तांदळाच्या स्टार्चने घट्ट केलेले प्रकार स्वतःहून सुरू करू नका. घटकांची यादी वाचा, वयाचा टप्पा बघा, चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि आयात डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आहे का बघा. परदेशातून कुणाच्या बॅगेतून आलेला किंवा कुठल्यातरी पेजवरून मागवलेला डबा म्हणजे जास्त सुरक्षित डबा नव्हे. तो प्रवासात किती तापला, परत मागवलेल्या बॅचचा आहे का, काही कळायला मार्ग नाही.

1992 च्या कायद्याने भारतात बाळाच्या दुधाची जाहिरात करायला, मोफत नमुने द्यायला, डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. हा कायदा 2003 मध्ये आणखी कडक झाला. त्यामुळे कुणी आपल्या पावडरीची भलामण करत मोफत डबा हातात ठेवत असेल तर तो सल्ला ऐकूच नका.

डबा खासगी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा का, असं बरेच पालक विचारतात. माझं मत: नको. तुम्हाला एका बॅचचं उत्तर मिळेल, पुढचा डबा वेगळ्या बॅचचा असेल. तेच पैसे पाण्याच्या तपासणीला लावा. तरीही करायचीच असेल तर प्रयोगशाळेचं यंत्र किती खालपर्यंत मोजू शकतं ते आधी लेखी घ्या. 50 पीपीबीच्या खाली ज्याला दिसत नाही, त्याने दिलेलं 'आढळले नाही' हे उत्तर आपल्या काही उपयोगाचं नाही.

कालवताना डब्यातलाच चमचा, सपाट करून. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे 70 अंशांच्या वर असताना पावडर घालावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करायची. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं.

पायरी 4: घरातल्या बाकीच्या वाटा

डब्याबद्दल जागरूक असलेल्या घरातही बाळाच्या डोळ्यांत काजळ दिसतं. बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिशाचं प्रमाण प्रचंड असू शकतं, कारण काही सुरमे शिशाच्या खनिजापासूनच बनवतात. बाळ डोळे चोळतं, तीच बोटं तोंडात घालतं. डोळ्यांत काहीही घालू नका. आजींना तीट लावायचीच असेल तर ती बाळाच्या हाताला पोचणार नाही अशा जागी लावू द्या.

बाळघुटी हा नाजूक विषय आहे. सहाणेवर वेखंड, हळकुंड उगाळणाऱ्या आजीच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही. आणि ज्यावर घटक लिहिलेले नाहीत अशा पुड्या, गोळ्या, भस्मं त्यानंतरही नाहीत. बोस्टन परिसरात केलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानातून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

पितळी भांड्याला कल्हई करताना कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं, म्हणून बाळाचं पाणी स्टीलच्या भांड्यात उकळा. जुन्या भिंतीचा रंग पोपडे धरून पडत असेल तर कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरातलं कुणी बॅटरी तोडण्याच्या, भंगाराच्या किंवा रंगाच्या कामावर असेल तर आंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावं.

पायरी 5: लोह

शरीरात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषून घेतं. त्यातच लहान मुलांचं आतडं मोठ्यांच्या कितीतरी पट शिसं शोषतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 67 टक्के लहान मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणून सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं जे सिरप देतात (आठवड्यातून दोनदा 1 मिलीलिटर), ते कपाटात ठेवू नका. फॉर्म्युल्यातही लोह असतं, तेव्हा दोन्हीचा मेळ डॉक्टरांना विचारून घाला.

पायरी 6: सहा महिन्यांनंतरची पेज

भाताचं शेत पाण्याखाली असतं आणि अशा चिखलात आर्सेनिक मोकळं होऊन मुळांतून दाण्यात जातं. कोंड्यात ते जास्त साठतं. जास्त पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर आर्सेनिक बरंच कमी होतं, आपल्याकडे वेळून भात करतात तसं. अडचण अशी की कोकणात बाळाला भरवतात ती नेमकी पेजच. म्हणून बाळासाठी तांदूळ आधी भरपूर पाण्यात थोडा शिजवून ते पाणी टाका, नंतर ताज्या पाण्यात मऊ पेज करा. रोज तांदूळच नको. नाचणीचं सत्त्व, मुगाची डाळ, ज्वारी, रताळं आलटून पालटून द्या.

पायरी 7: रक्ततपासणी कधी

सगळ्यांनाच नको. पाण्यात शिसं जास्त निघालं, घराजवळ बॅटरी गाळतात, काजळ किंवा संशयास्पद औषध बरेच दिवस चालू होतं, किंवा बाळ माती आणि रंगाचे पोपडे खातं, तर बालरोगतज्ज्ञांकडे शिशाची रक्ततपासणी मागा. शिरेतून घेतलेलं रक्त ग्राह्य धरा, बोटातून घेतलेल्या नमुन्याला हाताची घाण लागू शकते. सीडीसी 2021 पासून रक्तात डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असलेल्या मुलांकडे लक्ष द्यायला सांगते. त्याहून थोडं जास्त आलं तर उपाय एकच, शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करणं. धातू 'ओढून काढणारी' औषधं साधारण 45 च्या वर आणि रुग्णालयातच देतात. केसांच्या तपासणीवर आणि 'डिटॉक्स' थेंबांवर पैसे घालवू नका.

शेवटची गोष्ट दोन मिनिटांची आहे. प्रत्येक नवा डबा उघडताना बॅच क्रमांक, उत्पादन तारीख आणि परवाना क्रमांक यांचा फोटो काढा आणि बिल जपा. उद्या एखादी बॅच परत मागवली तर तुमची तीच का, हे लगेच कळेल. आणि पावडरीचा रंग, वास वेगळा वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर तक्रार करताना पहिल्यांदा हाच क्रमांक विचारतील. डबा तोपर्यंत टाकू नका, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा.